खोली नंबर सात, खिडकीजवळची खाट

खिडकीजवळची खाट मिळाली म्हणून लगेच खूश होऊ नकोस.
एप्रिल लागला की दुपारी तिच्या लोखंडी दांडीवर
पापड भाजून घ्यावा.
उशी भिंतीकडे कर, पाय खिडकीकडे.
चादर संध्याकाळी नळाखाली धर, पीळ, झटक,
आणि लाईट जायच्या आधी अंगावर घे.
लाईट साडेआठला जाते. कधी पावणेनऊला.
त्या पंधरा मिनिटांवर भरवसा ठेवू नकोस.
मी ठेवला होता, केमिस्ट्रीच्या जर्नलच्या रात्री.

पाणी पहाटे पाच ते सव्वासहा.
घड्याळ नसलं तरी चालेल,
सिंदेवाहीची मालगाडी फाटकावर ओरडली की ऊठ.
बादलीवर नाव ऑइलपेंटनं लिही,
नेलपॉलिश खरवडता येतं.
माझ्या निळ्या बादलीवर आज 'पौर्णिमा' लिहिलंय.
असू दे. तू तिला पौर्णिमाचीच म्हण.

चप्पल घालण्याआधी उलटी करून आपट.
विंचू इथला जुना विद्यार्थी,
फी न भरता राहतो.

मेसमधल्या देवकाबाईला काकू म्हणू नकोस,
तिला तिचं नाव आवडतं.
वरणात डाळ हवी तर पळी तळापर्यंत ने,
आणि ती बघत असताना ने.
"खाय माय, खाय," म्हणते,
"उपाशी पोटी पेपरात काय लिवशीन?"
शुक्रवारी वांगी. शनिवारी तीच वांगी,
कांदा घालून ओळख बदललेली.

सॉकेट एक, फोन चार.
नंबर ठरवा, भिंतीवर लिहा, भांडण आपोआप निम्मं होतं.
नेटवर्क फक्त जिन्याच्या सातव्या पायरीवर.
घरून फोन आला की आधी 'जेवली' म्हण,
मग बाकीचं.

रडू येईल. पहिल्या आठवड्यात सगळ्यांना येतं.
न्हाणीत नको, तिथे आवाज घुमतो.
गच्चीवर टाकीमागे जा.
तिथे आधीच कुणी असेल
तर दोन पायऱ्या खाली थांब, खाकरू नकोस.

घरून लाखोळीची डाळ, जवसाची चटणी आणशील
तर पत्र्याच्या डब्यात ठेव,
वर अभ्यासाचं सगळ्यात जाड पुस्तक.
कुठे तरी ते कामी येऊ दे.
उंदीर पिशवी फाडतात, प्लास्टिक कुरतडतात,
पण फिरकीचं झाकण काढून परत लावत नाहीत.
हे मला वेळेवर सुचलं नाही.
पहिल्या वर्षी हर्षाली नैतामची
आंब्याच्या लोणच्याची बरणी
रोज बोटभर उतरायची,
आणि मी म्हणाले, उंदीर असतील.
तिनं बरणीकडे पाहिलं. झाकणाकडे पाहिलं.
"असंन बाप्पा," म्हणाली.
दुसऱ्या दिवशी बरणी तिच्या पेटीतून निघून
दोन खाटांमधल्या स्टुलावर आली
आणि संपेपर्यंत तिथेच राहिली.
तिनं कधी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.
यावर माझ्याकडे सूचना नाही.

तर, स्टूल हलवू नकोस.
त्याचा एक पाय आखूड आहे,
खाली घडी घातलेला कागद आहे,
माझा पहिल्या सेमिस्टरचा निकाल.
उघडून बघितलास तरी चालेल, पण तसाच परत ठेव,
नाहीतर चहा सांडतो.

मार्चमध्ये मागच्या रानातून मोहाचा वास येतो.
त्या आठवड्यात अभ्यास होत नाही.
टाइमटेबल आखताना तो आधीच वजा कर.

हा कागद कपाटाच्या दाराला आतून
भाताच्या शितांनी चिकटवलाय.
नन्नावरे मॅडम तपासणीला आल्या की
दारावर ओढणी टांग.
तुझं काही राहिलं असेल तर खाली लिही,
जागा सोडली आहे.

आणि पुढच्या जूनमध्ये
दारात पेटी घेऊन कुणी उभी राहील,
तिला नाव विचारू नकोस.
बादली आणली का, एवढंच विचार.
नाव ती नळावर सांगेल.